डेटनचे न्यायालय: आधी वरच्या मजल्यावर जावे, मग तळघरात

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील चॅटनूगा शहरातून उत्तरेकडे सुमारे ४० मैल गेले की डाव्या हाताला कंबरलँड पठाराची उभी कड आणि उजव्या हाताला टेनेसी नदी, अशा मधल्या अरुंद पट्टीत डेटन हे गाव लागते. वस्ती जेमतेम ७ हजारांची. हे रे काउंटीचे मुख्यालय, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याचे ठिकाण. काउंटीच्या नावाचे स्पेलिंग पाहून बाहेरची माणसे त्याचे निरनिराळे उच्चार करतात, पण तेथील लोक ‘रे’ असाच करतात. गावाच्या मधोमध हिरवळीवर लाल विटांचे, घड्याळाच्या मनोऱ्याचे जुने न्यायालय आहे आणि त्याच्या तळघरात एक लहान संग्रहालय आहे. या दोन्हींविषयी मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण पहिल्या भेटीत मी ते पाहूनही पाहिले नव्हते.

ती भेट एका सहल कंपनीच्या बसमधून झाली होती. न्यायालयासमोर बस अर्धा तास थांबली आणि वाटाड्याने पाच मिनिटांत सारे उरकले: मागासलेले खेडे, एक धाडसी तरुण शिक्षक, चवताळलेला जमाव आणि ‘माकडांचा खटला’, म्हणजे शाळेत उत्क्रांती शिकवल्याबद्दल त्या शिक्षकावर १९२५ साली याच न्यायालयात चाललेला खटला. पुतळ्यांपाशी छायाचित्रे काढून सगळे परत बसमध्ये बसलो. पुढे या गावाविषयी वाचत गेलो तेव्हा ध्यानात आले की त्या पाच मिनिटांतील बहुतेक गोष्टी एकतर अर्ध्या होत्या किंवा उलट्या. म्हणून वर्षभराने स्वतःची गाडी घेऊन पुन्हा गेलो आणि सबंध दिवस तेथे घालवला. हा अभिप्राय त्या दुसऱ्या भेटीचा आहे.

न्यायालयाची इमारत १८९१ सालची. एवढ्याशा गावाला एवढी भारदस्त इमारत कशी मिळाली, हा तेथे पडणारा पहिला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्या खटल्याचा उलगडा होत नाही. रे काउंटी १८०७ साली स्थापन झाली, तेव्हा नदीपलीकडचा मुलूख चेरोकी या मूळनिवासी लोकांचा होता. काउंटीचे कामकाज नदीकाठच्या वॉशिंग्टन नावाच्या गावातून चाले आणि आजच्या डेटनच्या जागी स्मिथ्स क्रॉसरोड्स नावाची चौरस्त्यावरची वस्ती होती. १८८० साली सिनसिनाटीहून चॅटनूगाला जाणारा लोहमार्ग पुरा झाला आणि नदीकाठचे महत्त्व ओसरून रुळांकाठचे वाढले. पाठोपाठ ब्रिटिश भांडवल आले. डोंगरात कोळसा, खाली रेल्वे, म्हणून येथे ‘डेटन कोल अँड आयर्न कंपनी’ उभी राहिली आणि लोखंडाच्या भट्ट्या पेटल्या. काउंटीचे मुख्यालय १८९०च्या सुमारास वॉशिंग्टनहून डेटनला हलले ते या बळावर. हे न्यायालय म्हणजे त्या भरभराटीत आलेल्या गावाने आपल्याला आता कोणी लहान समजू नये म्हणून बांधलेली वास्तू आहे. मनोरा, कमानी, उंच खिडक्या या सगळ्यांतून ती ऐट अजून दिसते.

भरभराट टिकली नाही. खाणींत १८९५, १९०१ आणि १९०२ अशा तीन वेळा मोठे स्फोट होऊन कितीतरी घरांतील कर्ती माणसे गेली. कंपनी डबघाईला आली आणि १९१३च्या सुमारास सगळा कारभारच बसला. तीन हजारांच्या घरात गेलेली वस्ती १९२५ पर्यंत अठराशेच्या आसपास आली. मोठे न्यायालय, रुंद बाजाररस्ता, रेल्वेचे स्थानक एवढे सगळे जागेवर होते. ज्यासाठी ते उभारले ते मात्र निघून गेले होते. त्या सहलीच्या वाटाड्याने नेमके हे सांगितले नाही आणि माझ्या मते डेटनविषयी सांगण्यासारखे सर्वांत महत्त्वाचे हेच आहे.

कारण खटला येथे आपोआप आला नाही, तो बोलावून आणला गेला. मार्च १९२५ मध्ये टेनेसीच्या विधिमंडळाने बटलर कायदा केला. मनुष्याची उत्पत्ती बायबलमध्ये सांगितल्याप्रमाणे न शिकवता तो खालच्या प्राण्यांपासून उत्क्रांत झाला असे सरकारी शाळांत शिकवणे, हा त्या कायद्याने गुन्हा ठरला आणि त्याला १०० ते ५०० डॉलर दंड ठेवण्यात आला. ‘अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन’ या नागरी स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या संस्थेने या कायद्याला आव्हान देण्यास तयार असलेला शिक्षक हवा असल्याचे जाहीर केले आणि चॅटनूगाच्या वर्तमानपत्रात ते छापून आले. दुसऱ्याच दिवशी, ५ मे रोजी, डेटनमधील रॉबिन्सन यांच्या औषधाच्या दुकानात गावातील काही मंडळी टेबलाभोवती जमली. त्यांत पुढाकार होता जॉर्ज रॅपलिया यांचा. ते मूळचे न्यू यॉर्कचे आणि बुडालेल्या खाण-उद्योगाच्या उरल्यासुरल्या मालमत्तेचे व्यवस्थापक. दुकानाचे मालक रॉबिन्सन हे काउंटीच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष होते. टेनिस खेळत असलेल्या जॉन स्कोप्स या २४ वर्षांच्या शिक्षकाला निरोप पाठवून बोलावून घेतले. तो मुळात फुटबॉल शिकवणारा, जीवशास्त्राच्या वर्गावर काही दिवस बदली म्हणून गेलेला. ज्या पाठ्यपुस्तकात उत्क्रांतीचे प्रकरण होते ते राज्यानेच मान्य केलेले होते आणि त्याच दुकानात विकायलाही होते. स्कोप्सने होकार दिला. आपण तो धडा खरोखर शिकवला होता की नाही, हे त्याला स्वतःलाही नीट आठवत नव्हते.

हे समजल्यावर गावाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. डेटन अडाणीपणामुळे जगापुढे आले नाही. आपल्या पडत्या काळात गावाकडे लोकांची पावले वळावीत म्हणून चार जाणत्या व्यापारी-वकिलांनी केलेला तो हिशेब होता. हिशेबात एकच गोष्ट त्यांनी धरली नव्हती, ती म्हणजे पाहायला येणारे लोक आपल्याविषयी काय लिहून जातील.

आता प्रत्यक्ष इमारतीविषयी. माझा आग्रहाचा सल्ला असा की तळघरातील संग्रहालयाच्या पाटीकडे दुर्लक्ष करून आधी वरच्या मजल्यावरील न्यायालयाच्या दालनात जावे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस या दालनाचा १९२५ सालच्या रूपाप्रमाणे जीर्णोद्धार करण्यात आला, आणि १९७६ साली इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. न्यायाधीशांचे आसन, वकिलांची टेबले, लाकडी कठडा, ज्युरीच्या खुर्च्या आणि प्रेक्षकांची आसने मूळचीच आहेत. त्यांतील एका आसनावर मी बराच वेळ बसलो. हात टेकवायची कड वापरून गुळगुळीत झाली आहे, आणि आसन एवढे आखूड की धष्टपुष्ट माणसाला शेजाऱ्याला खेटूनच बसावे लागेल. जुलै महिन्यात, दक्षिणेच्या त्या दमट उकाड्यात, या खोलीत सुमारे हजार माणसे कोंबलेली होती हे वाचून कळते खरे, पण त्या आसनावर बसून दोन्ही हात अंगाशी आवळून पाहिले की ते अंगाला कळते. उंच खिडक्यांतून येणारा उजेड सरळ वकिलांच्या टेबलांवर पडतो. खटल्याची छायाचित्रे आधी पाहिलेली असतील तर कोण कोठे उभे होते हे बोट दाखवून सांगता येते.

खटला १० जुलै १९२५ रोजी सुरू झाला आणि २१ जुलैला संपला. फिर्यादी पक्षाच्या बाजूला विल्यम जेनिंग्ज ब्रायन, तीन वेळा अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले आणि परराष्ट्रमंत्री राहिलेले. बचावासाठी शिकागोचे नामांकित वकील क्लॅरेन्स डॅरो, त्यांच्यासोबत डडली फील्ड मॅलोन आणि आर्थर गारफील्ड हेज. न्यायाधीश जॉन रॉलस्टन. दोनशेच्या आसपास बातमीदार गावात उतरले होते, तारा पाठवण्यासाठी २२ तारायंत्रवाले बसवले होते, आणि शिकागोच्या डब्ल्यूजीएन या नभोवाणी केंद्राने दालनात ध्वनिक्षेपक लावून सुनावणी थेट ऐकवली. अमेरिकेत खटला असा घरोघरी ऐकू जाण्याची ती पहिलीच वेळ.

त्या दालनात बसून ज्या प्रसंगाचा विचार मनातून जात नाही तो मात्र डॅरो-ब्रायन यांच्या गाजलेल्या जुगलबंदीचा नाही. तो १६ जुलैचा आहे. बचावासाठी आणलेल्या शास्त्रज्ञांची साक्ष होऊ द्यावी की नाही यावर त्या दिवशी युक्तिवाद झाला. आधी ब्रायन बोलले, श्रोत्यांना ते आवडले. मग मॅलोन उठले. सत्याला कायद्याची भीती कशाला, शिकू द्या, ऐकू द्या, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्यांचे भाषण संपल्यावर जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो ब्रायन यांना मिळालेल्या टाळ्यांहून मोठा होता, आणि टाळ्या वाजवणारी बहुतेक माणसे याच काउंटीतील, बायबलवर पूर्ण श्रद्धा असलेली, ब्रायन यांना आपले मानणारी होती. मत न पटता चांगल्या बोलण्याला मनापासून दाद देणारे हे श्रोते, त्यांना ‘चवताळलेला जमाव’ म्हणून मोकळे होणे हा सरळसरळ अन्याय आहे. न्यायाधीशांनी पुढे साक्षीला परवानगी नाकारली, तो भाग वेगळा.

२० जुलैला उकाडा आणि गर्दीच्या भाराने तक्तपोशी खचण्याची भीती, यांमुळे कामकाज खाली हिरवळीवरील मंचावर हलवण्यात आले. न्यायालयाच्या भिंतीवर ‘बायबल वाचा’ असा मोठा फलक लावलेला होता. ज्युरीसमोर असा फलक असणे हा एका बाजूचा प्रचार आहे, अशी हरकत डॅरो यांनी घेतली, त्यावर वाद झाला आणि अखेर फलक काढला गेला. त्यानंतर बचाव पक्षाने खुद्द ब्रायन यांनाच बायबलचे जाणकार म्हणून साक्षीला बोलावले. सुमारे दोन तास, तीन हजारांच्या आसपास लोकांसमोर डॅरो यांनी त्यांना बायबलमधील माशाने गिळलेला योना, सूर्याचे थांबणे, सृष्टीच्या निर्मितीचे दिवस यांविषयी प्रश्न विचारले. ज्युरीला मात्र यातले काहीच ऐकू दिले गेले नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी ती साक्षच नोंदीतून काढून टाकली गेली. ज्युरी नऊ मिनिटांत परतली. दोषी, १०० डॉलर दंड. ब्रायन पाच दिवसांनी, २६ जुलैला, याच गावात दुपारच्या झोपेत वारले.

निकालाचा शेवट फारसा कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. १९२७ साली टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, पण कायदा चुकीचा म्हणून नव्हे. राज्यघटनेप्रमाणे ५० डॉलरांहून अधिक दंड ज्युरीने ठरवायला हवा होता आणि येथे तो न्यायाधीशांनी ठरवला होता, एवढ्या तांत्रिक कारणावरून. बटलर कायदा त्यानंतर चाळीस वर्षे, १९६७ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात राहिला.

एवढे वरच्या दालनात बसून आठवल्यावर तळघरात उतरावे. संग्रहालय लहान आहे. छायाचित्रे, वर्तमानपत्रांची पाने, त्या दिवसांतील वस्तू अशी साधी मांडणी आहे. चकचकीत पडदे आणि बटणे दाबण्याची अपेक्षा ठेवून जाऊ नये. मला ते साधेपण आवडले. औषधाच्या दुकानातील टेबलाभोवतीच्या बैठकीचे जे प्रसिद्ध छायाचित्र आहे ते निवांत पाहावे. ते त्या क्षणाचे नाही, नंतर छायाचित्रकारांसाठी मंडळी पुन्हा तशी बसली. आपण काय करतो आहोत याची गावाला पुरती जाणीव होती, हे त्या एका चित्रातून दिसते. रॉबिन्सन यांनी दुकानावर ‘येथेच सुरुवात झाली’ अशा अर्थाचा फलक लावला होता, त्यातूनही तेच दिसते.

संग्रहालयात खटल्याच्या दिवसांना पहिला मान मिळणार हे उघड आहे. मला स्वतःला लोखंड-कोळशाच्या काळाचे आणखी वाचायला आवडले असते, पण ही माझी आवड झाली, तक्रार नव्हे. तसेच ‘रे काउंटी स्पार्टन्स’ या तुकडीचे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वेळी पूर्व टेनेसीतील बहुतेक भाग संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, बाजूचा असताना ही काउंटी दक्षिणेकडे झुकलेली होती. १८६२ साली येथील तरुण मुलींनी घोड्यांवरून आपल्या वडिलांना, भावांना रसद पोहोचवण्यासाठी एक तुकडी काढली आणि तिला घोडदळाचे नाव दिले. १८६५च्या एप्रिलमध्ये संघराज्याच्या सैन्याने त्यांना कैद करून नदीपर्यंत पायी चालवत नेले आणि बोटीने चॅटनूगाला धाडले. तेथील सेनापतीने हा प्रकार पाहून त्यांना सोडून दिले आणि पकडून आणणाऱ्या अधिकाऱ्याचीच कानउघाडणी केली. ही बाजू गुलामगिरी टिकवणाऱ्यांची होती हे विसरून चालणार नाही, पण या मुलखातील माणसे कोणत्या मातीची आहेत हे त्यातून समजते.

बाहेर हिरवळीवर दोन पुतळे आहेत. ब्रायन यांचा २००५ साली बसला. डॅरो यांचा १४ जुलै २०१७ रोजी, म्हणजे बारा वर्षांनी. त्याच्या खर्चाचा मोठा वाटा धर्माच्या सत्तेला विरोध करणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेने उचलला आणि शिल्पकार झीनोस फ्रुडाकिस यांनी तो घडवला. गावातील काहींनी विरोधही केला, तरी पुतळा उभा राहिला. दोघांमधून चालत जाताना मला जाणवले की येथे वाद मिटलेला नाही आणि तो मिटल्याचा आव गावही आणत नाही. टेकडीवर ब्रायन यांच्या नावाचे ख्रिस्ती महाविद्यालय १९३० पासून चालू आहे. त्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी काउंटीच्या सरकारी प्राथमिक शाळांत पन्नासहून अधिक वर्षे बायबलचे तास घेत असत. २००२ साली संघराज्याच्या न्यायालयाने ते घटनेविरुद्ध ठरवले आणि २००४ साली वरच्या न्यायालयाने तो निर्णय कायम केला. ज्या प्रश्नावर १९२५ साली वरच्या दालनात भांडण झाले त्याचेच हे पुढचे पान.

त्याच वेळी डेटन केवळ खटल्यावर जगत नाही, हेही दुपारी बाजारातून फिरताना दिसते. आरामखुर्च्या बनवणारा ला-झी-बॉयचा मोठा कारखाना येथे आहे. चिकामॉगा जलाशयावर मासेमारीच्या स्पर्धा भरतात. एके काळी येथून स्ट्रॉबेरी रेल्वेच्या वाघिणी भरभरून जात, त्याची आठवण म्हणून १९४७ पासून मे महिन्यात स्ट्रॉबेरीचा उत्सव होतो. मला तरी गावकऱ्यांच्या बोलण्यात खटल्याइतकाच या उत्सवाचाही उल्लेख आला.

जाणाऱ्यांसाठी थोडे. न्यायालय पाहण्यासाठी कामकाजाचा दिवस निवडावा आणि वरचे दालन त्या दिवशी खुले आहे की नाही हे आधी दूरध्वनीवरून विचारून घ्यावे, कारण दालन बंद असेल तर अर्धी भेट वाया जाते. जुलैत गेल्यास खटल्याच्या नोंदींवर आधारलेले नाटक त्याच दालनात पाहायला मिळते. त्या दिवसांत गर्दी आणि उकाडा दोन्ही असतात, पण त्या खोलीपुरता उकाडा ही काही अस्थानी गोष्ट नाही. सोबत लहान मुले असतील तर आधी घरी खटल्याची गोष्ट सांगावी, नाहीतर त्यांना तेथे रिकाम्या खुर्च्याच दिसतील. संग्रहालयाला पाऊण तास आणि दालनाला तेवढाच वेळ तरी हवा. बसने येऊन अर्ध्या तासात परतणाऱ्या सहलींची मी कोणालाही शिफारस करणार नाही.

आणि दुपार मोकळी असेल तर गावाबाहेरील लॉरेल-स्नो या राखीव वनक्षेत्रात जावे. दोन धबधब्यांसाठी लोक तेथे जातात, पण रिचलंड ओढ्याच्या काठाने जाणाऱ्या त्या पायवाटेवर डेटन कोल अँड आयर्न कंपनीच्या दगडी भिंती आणि खाणीची बुजत चाललेली तोंडे झाडीत उभी आहेत. शेवाळाने भरलेल्या त्या चिऱ्यांवर हात ठेवला की न्यायालयाच्या मनोऱ्यासाठी पैसा कोठून आला आणि औषधाच्या दुकानातील ती बैठक कोणत्या निकडीपोटी भरली, हे दोन्ही एकदमच समोर येते. वाट खडकाळ आहे. पायांत चांगले बूट हवेत आणि पाणी सोबत घ्यावे, वाटेत कोठे मिळत नाही.